शेवटच्या खांबावरचा बल्ब

नववीला 'धारा विद्युत' हे प्रकरण सुरू करताना मी दरवर्षी एकच प्रश्न विचारते. फळ्यावर एक घट, एक कळ आणि एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब काढायचे आणि विचारायचं, यातला कोणता जास्त उजेड देईल? आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं, पहिला. का, म्हणून विचारलं की तेही ठरलेलं. "मॅडम, पहिला आधी लई लेस ना, मंग दुसराले कमी ऱ्हास."

या उत्तराला मी कधीच चूक म्हणून टाकून दिलं नाही. आमची शाळा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठावर आहे. इथल्या पोरांना पाटाचं पाणी कळतं. चारीच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याच्या कांद्याला पाळी वेळेवर मिळते. शेवटच्या शेताला उरलंसुरलं पाणी जातं, तेही रात्री दोन वाजता फावडं घेऊन उभं राहिलं तर. वाहणारी वस्तू पुढच्याला कमी मिळते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वीज वाहते असं आपणच शिकवतो, मग पोरं तिला पाण्याचाच नियम लावतात. 'विद्युतधारा बल्बमध्ये खर्च होते' ही समजूत जगभरच्या मुलांमध्ये आढळते आणि तिच्यावर कितीतरी वर्षं संशोधन झालेलं आहे, हे मी नंतर वाचलं. आमच्या पोरांकडे मात्र त्या समजुतीला स्वतःच्या शेतातला पुरावा असतो, त्यामुळे ती हलवणं फार जड जातं.

वर्षानुवर्षं मी ती खडूनं हलवायचा प्रयत्न केला. एकसर जोडणीत, म्हणजे बल्ब असे एकापुढे एक जोडले की, विद्युतधारा सगळीकडे सारखी असते, हे वाक्य चौकटीत लिहून द्यायचे. पोरं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची, आणि पुढच्याच प्रश्नात पहिला बल्ब जास्त पेटवायची.

सिम्युलेशन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करून बघायचा प्रयोग, काय असतं ते मला एका प्रशिक्षणात समजलं. प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं आणि त्यातले अडीच दिवस आता आठवतही नाहीत, पण एका तासाला समोरच्या तज्ज्ञांनी पडद्यावर एक परिपथ जोडून दाखवला आणि तारेतून निळे ठिपके सरकायला लागले. ते इलेक्ट्रॉन होते. मी पुढच्या बाकावर होते. तेव्हा अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो. वीस वर्षं जे डोळे मिटून कल्पना करा म्हणून सांगत आले, ते इथे सरकताना दिसत होतं.

ती सिम्युलेशन 'फेट' नावाच्या प्रकल्पाची होती. २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, तो सुरू केला. भौतिक, रसायन, जीव, गणित अशा विषयांची ही सिम्युलेशन फुकट आहेत आणि त्यातली बरीच मराठीतही मिळतात. आमच्यासारख्या शाळांना सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे नवी सिम्युलेशन एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि मग नेट लागत नाही. पूर्वी काही जावावर चालायची, काही फ्लॅशवर. २०२० च्या शेवटी फ्लॅश बंदच झालं. आता नवी फाइल ब्राउझरमध्ये उघडली की चालते, मोबाइलवरसुद्धा. आमच्या गावात रेंज शाळेच्या गच्चीवर मिळते, वर्गात मिळत नाही. म्हणून मी घरी बसून फाइली उतरवल्या आणि पेनड्राइव्हमध्ये टाकून नेल्या.

पहिलं वर्ष फुकट गेलं, आणि त्यात चूक माझीच होती.

मी प्रोजेक्टर लावला, खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला आणि स्वतः माऊस हातात घेऊन सगळं करून दाखवलं. बॅटरी ओढली, बल्ब ओढला, तार जोडली, कळ दाबली. पोरं खूश. एकानं बल्ब काढून नुसती तार जोडायला लावली, तेव्हा पडद्यावर बॅटरीनं पेट घेतला. तसं त्या सिम्युलेशनमध्ये दाखवतातच. वर्गात शिट्ट्या वाजल्या. तास संपला तरी कोणी उठेना. मला वाटलं, झालं, यावर्षी सगळ्यांना कळलं. पुढच्या आठवड्यात घटक चाचणीत तोच दोन बल्बांचा प्रश्न घातला. अर्ध्याहून जास्त वर्गानं लिहिलं, पहिला.

त्या उत्तरपत्रिका घेऊन मी स्टाफरूममध्ये बराच वेळ बसले होते. पोरांनी पाहिलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या, पण मनातलं चित्र कोणी पडद्यासमोर ठेवलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, तर ते ठेवणार तरी कसे? समोर जे चाललं होतं ते त्यांच्या समजुतीला लागलंच नाही, बाजूनं निघून गेलं. जत्रेतल्या खेळासारखं बघितलं आणि घरी गेले.

दुसऱ्या वर्षी मी क्रम उलटा केला. आधी वही. प्रत्येकानं चित्र काढायचं, तारेवर तीन ठिकाणी फुल्या मारायच्या आणि प्रत्येक फुलीपाशी किती विद्युतधारा असेल याचा अंदाज लिहायचा. बॅटरी ९ व्होल्टची, बल्ब १० ओहमचा. एकटा बल्ब जोडला तर ०.९ अँपियर, एवढं ओहमच्या नियमानं आम्ही आधी काढलं होतं. आता दोन बल्ब. अंदाज पेनानं लिहायचा, पेन्सिलनं नाही, आणि नंतर खोडायचा नाही. ही एक अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खोडरबर हातात असलं की पोरं उत्तर पाहून अंदाज दुरुस्त करतात आणि मग कोणी चुकलेलंच नसतं.

संगणक कक्षात अकरा संगणक आहेत, त्यातले पाच चालतात. पोरं अठ्ठेचाळीस. एका संगणकाला नऊ-दहा जण म्हणजे गर्दीच, पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली. माऊस एकाकडे, आणि बाकीचे त्याला सांगणार. सांगायचं म्हणजे बोलावं लागतं आणि बोलायचं म्हणजे शब्द लागतात. "ते तिकडे लाव" असं म्हणून भागत नाही, "व्होल्टमीटर बल्बाच्या दोन्ही टोकांना लाव" असं म्हणावं लागतं. दर पाच मिनिटांनी माऊस दुसऱ्याकडे जायचा, आणि तो मुलींच्या हातात जातो का याकडे मी मुद्दाम लक्ष ठेवायचे. नाही ठेवलं तर जात नाही.

विद्युतधारा मोजणारा ॲमीटर लावला. पहिल्या बल्बाच्या आधी, ०.४५. मधे, ०.४५. दुसऱ्यानंतर, ०.४५.

खोली शांत झाली. मग एका कोपऱ्यातून, "मॅडम, आमचा संगणक बिघडला." दुसऱ्या गटानं ॲमीटर काढून पुन्हा लावला. तिसऱ्या गटानं तिसरा बल्ब घातला, चौथा घातला. आकडा कमी होत गेला, पण जितका झाला तितका सगळीकडे सारखाच. एक मुलगा नाक पडद्याला लागेल इतका पुढे वाकून एकेक ठिपका बोटानं मोजत होता. बल्बात शिरणारे किती, बाहेर पडणारे किती. पडद्यावर त्याच्या बोटाचे कांद्याच्या मातीचे ठसे उमटले होते. "मॅडम, एक बी कमी व्हत नही," तो म्हणाला, आणि ते मला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता.

मग प्रश्न आला, आणि तो येणारच होता. ठिपके कमी होत नाहीत तर बल्ब पेटतो कशावर? यासाठी मला पाट सोडून द्यावा लागला आणि सायकलची चेन हाती घ्यावी लागली. चेनचा एकही दुवा खर्च होत नाही, तरी मागचं चाक फिरतं. दुवे तेच राहतात, पायाचा जोर पुढे पोचतो. विद्युतधारा आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला स्वतःलाही कधी इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं.

ठिपके इतके सावकाश चालतात तर बटण दाबल्याबरोबर ट्यूबलाइट कशी लागते, हेही विचारलं गेलं. प्रश्न एकदम बरोबर आहे. साध्या तारेत इलेक्ट्रॉन खरंच सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाहीत. इथे पाणी पुन्हा कामी आलं, पण पाटाचं नाही, ठिबकचं. नळी आधीच भरलेली असेल तर कॉक उघडताच टोकाच्या छिद्रातून थेंब पडतो, विहिरीतलं पाणी तिथवर यायची वाट बघावी लागत नाही. तारही अशीच आधीपासून भरलेली असते.

दुसऱ्या दिवशी खरे सेल आणि खरे बल्ब आणले. माझं पहिल्यापासून मत आहे की पडद्यावर पाहिलेलं हातानं केल्याशिवाय सोडू नये. २००५ साली कोलोरॅडोतल्याच अभ्यासकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सिम्युलेशनवर परिपथ शिकलेल्या विद्यार्थ्यांना खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा संकल्पना चांगल्या कळल्या होत्या, इतकंच नाही तर खरा परिपथ जोडायलाही तेच वरचढ ठरले होते. मी तो अभ्यास मानते. पण तो महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवर होता. माझ्या पोरांना तार सोलताना बोटाला जो चिमटा बसतो तोही हवा, असं मला वाटतं.

पिंपळनेरच्या बाजारातून टॉर्चचे बल्ब आणले होते. दोन मोठे सेल, दोन बल्ब, एकसर. लावले, आणि पहिला लख्ख पेटला, दुसरा जेमतेम तांबूस.

काय गोंधळ झाला! "बघा मॅडम, आम्ही सांगत होतो!" "कॉम्प्युटर खोटं बोलतो!" आदल्या दिवशी जे मुकाट्यानं हरले होते ते सगळे उठून उभे राहिले. माझ्या पोटात खड्डा पडला. दोन क्षण मलाही काय झालं ते कळेना. मग सुचलं ते बोलले, "बल्बांच्या जागा बदला." बदलल्या. आता पहिला तांबूस आणि दुसरा लख्ख. म्हणजे गोष्ट जागेची नव्हती, बल्बाची होती. एका मुलीनं दोन्ही बल्ब काढून उजेडात धरले. पितळी टोपीवर बारीक अक्षरं असतात. एकावर २.५ व्होल्ट, ०.३ अँपियर होतं, दुसऱ्यावर २.५ व्होल्ट, ०.२ अँपियर. दुकानदारानं दोन वेगळे बल्ब दिले होते आणि मी पाहिलं नव्हतं. भागाकार करून पोरांनीच रोध, म्हणजे विद्युतधारेला होणारा अडथळा, काढला. ०.२ वाल्याचा जास्त. एकसर जोडणीत ज्याचा रोध जास्त तो जास्त उजळतो, हे पुस्तकात आम्ही अजून पोचायचे होतो त्या पानावरचं होतं.

संगणकातले दोन बल्ब तंतोतंत सारखे असतात. बाजारातले नसतात. त्या दिवसापासून मी पोरांना सांगते की पडद्यावर जे दिसतं ते कोणीतरी काही गोष्टी बाजूला ठेवून बनवलेलं आहे, तेव्हा काय बाजूला ठेवलंय ते शोधायचं. आगीचंही तसंच. पडद्यावर बॅटरी पेटली की हसू येतं, एका बटणानं सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. लाइनीवर टाकलेल्या खऱ्या आकड्याला हात लागला की काय होतं हे आमच्या शिवारात दर घराला माहीत आहे. म्हणून हे प्रयोग फक्त सेलवर, घरच्या लाइनीवर कधीच नाही, हे मी प्रत्येक तासाला सांगते. पोरांना त्याचा कंटाळा आला तरी सांगते.

यानंतरचा प्रश्न मात्र मला आठ दिवस पुरला. समांतर जोडणी चालू होती. पडद्यावर एका बॅटरीला शिडीसारखे चार बल्ब लावले होते, चारही सारखेच लख्ख. प्रत्येकाला ९ व्होल्ट. घरातली आणि गावातली जोडणी अशीच असते, असं मी सांगत होते. तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरची, सहसा न बोलणारी एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, मंग आमनी मोटर काब्र उचलस नही? आमना खांब शेवटला से."

तिच्या वडिलांची मोटर त्यांच्या डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यात शेवटच्या खांबावर आहे. आधीच्या सगळ्या मोटरी चालू असल्या की हिची नुसती घुमते, पाणी उचलत नाही. मागच्या उन्हाळ्यात वाइंडिंग जळालं होतं. आणि मी फळ्यासमोर उभी राहून सांगत होते की शेवटच्या बल्बालाही पहिल्याइतकंच मिळतं. पाटाचा नियम विजेला लागत नाही असं मी आठ दिवस ठासून सांगितलं होतं, आणि हिच्या शेतात तो नियम लागत होता. आमच्या शाळेच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशी ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या दिसतात. याच तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. इतकी वीज आमच्या तालुक्यात तयार होते, आणि हिच्या वडिलांच्या विहिरीवर ती पुरत नाही.

मी म्हटलं, मला उद्यापर्यंत वेळ दे. उद्याचे चार दिवस झाले. तारांना स्वतःचा रोध असतो एवढं मला माहीत होतं, पण ते दाखवायचं कसं? रात्री जेवणं झाल्यावर सिम्युलेशन उघडून बसायचे. एका रात्री बाजूच्या चौकटीत आधी कधी न उघडलेला एक भाग सापडला. त्यात तारेची रोधकता कमी-जास्त करायची पट्टी होती, बॅटरीच्या आतल्या रोधाचीही होती. इतके दिवस ती पट्टी अगदी डाव्या टोकाला होती, म्हणजे आमच्या पडद्यावरच्या तारांना जवळजवळ रोधच नव्हता. मी पट्टी उजवीकडे सरकवली. चार बल्ब एकामागून एक मंदावत गेले. पहिला थोडा, चौथा पार विझल्यागत. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरातल्या सगळ्यांना उठवून ते दाखवलं.

वर्गात मी पट्टी कुठे आहे एवढंच सांगितलं. सरकवली त्या मुलीनं. व्होल्टमीटर घेऊन ती एकेका बल्बाला लावत गेली आणि आकडे वहीत लिहीत गेली. वरून खाली आकडे उतरत होते. "तारच खाई लेस," मागून कोणीतरी म्हणालं. बरोबर होतं. विद्युतधारा तारेतून जाताना विभवांतराचा, म्हणजे व्होल्टचा, काही भाग तारेच्या रोधावरच जातो, आणि लाइन जितकी लांब, तिच्यावर मोटरी जितक्या जास्त, तितकं शेवटच्या खांबाला कमी उरतं. पाटाची उपमा पूर्ण खोटी नव्हती, आम्ही ती चुकीच्या जागी लावत होतो. एक गोष्ट मला इथे वेगळी सांगावी लागली. बल्बाला कमी व्होल्ट मिळाले की तो मंद होतो, एवढंच. भरावर चाललेली मोटर कमी व्होल्टवर उलट जास्त अँपियर ओढते, तापते, आणि वाइंडिंग जळतं. ते या सिम्युलेशनमध्ये दिसत नाही.

नंतरचं सगळं पोरांनी केलं. कोणीतरी घरून शेगडीची जुनी कॉइल आणली. ती निक्रोमची असते, रोध भरपूर. तिचे वीत-वीत तुकडे करून लाकडी फळीवर खिळ्यांना ताणून दोन तारांची लाइन केली, मधे चार बल्ब, या वेळी टोप्या वाचून घेतलेले. एका टोकाला सेल. सेल जोडले तसे बल्ब पडद्यावर दिसले होते तसेच उतरत्या उजेडात पेटले. ती मुलगी बराच वेळ बघत राहिली, मग तिनं सेल उचलले आणि लाइनीच्या मधोमध, दुसऱ्या आणि तिसऱ्या बल्बाच्या मधे जोडले. शेवटचा बल्ब उजळला. "डीपी मधे पाहिजे," ती म्हणाली.

तेवढ्यात लाइट गेली. संगणक बंद पडले. फळीवरचे चार बल्ब तेवढे पेटलेले राहिले.

आता इतर प्रकरणांनाही मी सिम्युलेशन वापरते. दहावीला रासायनिक समीकरणं संतुलित करायला फार उपयोग होतो, कारण दोन्ही बाजूंचे अणू पोरांना प्रत्यक्ष मोजता येतात. प्रकाशाच्या अपवर्तनालाही होतो. लंबकाला मात्र मी संगणक लावत नाही. दोरी आणि दगड असताना पडद्यावरचा लंबक कशाला? डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याच्यासाठी सिम्युलेशन. फाइली मी पालकांच्या मोबाइलवरही देते. वर्गातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरी चालेल असा मोबाइल असतो, बाकीचे शेजाऱ्याकडे बसून करतात.

पालकसभेला त्या मुलीचे वडील आले होते. सभा झाल्यावर ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले, आत येईनात. लेकीनं हाताला धरून आणलं आणि फळी दाखवली. त्यांनी काही न बोलता पहिल्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येक बल्ब पाहिला. मग मला विचारलं, "मॅडम, तार जाड टाकली तर?"

लांबी, क्षेत्रफळ आणि रोध यांचं सूत्र लेकीला पाठ होतं, पण तिनं ते म्हटलं नाही. उरलेल्या कॉइलचे तुकडे घेतले आणि प्रत्येक तुकड्याशेजारी दुसरा तुकडा खिळ्याला गुंडाळायला लागली. वडील खाली बसून तिला पक्कड देत होते.